शोध विभाग, डायनिंग टेबल

चिरंजीवांची नोकरी गेली, हा कंपनीचा निर्णय होता. त्यात मला ढवळाढवळ करता येत नव्हती. मात्र नोकरीबरोबर त्यांचा दिवसही गेला होता. उन्हं डोक्यावर आली तरी स्वारी अंथरुणात, हातात मोबाइल, अंगात कालचंच बनियन. कुणी 'सध्या काय चाललंय?' म्हणून विचारलं की मान खाली. उभं आयुष्य हेडक्लार्क म्हणून काढलेल्या बापाला हे पाहवेना. नोकरी शोधणं हेही कामच, आणि काम म्हटलं की त्याला कार्यालय लागतं, असा विचार करून मी डायनिंग टेबल ताब्यात घेतलं.

पहिल्या दिवसापासून नियम लागू झाले. दाढी, इस्त्रीचा शर्ट, कमरेला पट्टा. बेडरूममधून टेबलापर्यंत यायला उशीर झाला तर लेटमार्क. "बाथरूममध्ये बायको होती," ही सबब एकदा ऐकून घेतली, दुसऱ्यांदा नाही. कार्यालयीन वेळेत मी त्याला 'अहो' म्हणायचं आणि त्यानं मला 'सर', असंही ठरलं. सुरुवातीला दोघांनाही जड गेलं.

सूनबाई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला आहेत. संध्याकाळी घरी आल्या, नवऱ्याला पट्ट्यासकट पाहिलं आणि दारातच थबकल्या.

"बाबा, काय जादू केलीत हो? माणसात आला की हा!"

या कौतुकानं मला हुरूप आला. आजवर चिरंजीव जाहिरात दिसली की अर्ज पाठवून मोकळे व्हायचे. हा उतावळेपणा मी थांबवला. आधी त्यांनी टिपणी सादर करायची, त्यावर मी शेरा मारायचा, मग अर्ज. 'सदर कंपनीत कॅन्टीन आहे काय? असल्यास चहा कसा? चर्चा करावी.' चर्चेला वेळ लागतो. तोवर जाहिरातीची मुदत संपली, तर ते प्रकरण आम्ही निकाली काढायचो. दर शुक्रवारी आढावा बैठक. तिची तयारी बुधवारपासून; सोमवार-मंगळवार मागच्या बैठकीतल्या त्रुटी दूर करण्यात जायचे. दोन-तीन महिन्यांत अर्ज जवळजवळ बंदच पडले, पण कामात चालढकल होते असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. शेजाऱ्यांनी चौकशी केली की चिरंजीव ताठ मानेनं सांगायचे, "श्वास घ्यायला फुरसत नाही हो." मला अगदी भरून यायचं.

अशा वेळी, माझ्या कारकिर्दीच्या आधी पाठवलेल्या कुठल्याशा अर्जाला उत्तर म्हणून इंटरव्ह्यूचा फोन आला. शुक्रवारी सकाळी बोलावलं होतं.

"शुक्रवारी आढावा आहे," मी म्हणालो.

सूनबाईंना वाटलं, मी गंमत करतोय. "अहो बाबा, इंटरव्ह्यू आहे! नोकरीचा!"

"असेल ना. पण आपल्या कार्यालयाचं काम नोकरी शोधणं. ती मिळणं आपल्या कुठल्याच शीर्षाखाली बसत नाही."

"म्हणजे चालून आलेली नोकरी सोडायची?"

"सोडायची कुठं म्हणतोय? त्यांनी पुढची तारीख द्यावी. रजा आधी मंजूर करून घ्यावी लागते, हे मी का नव्यानं सांगायचं?"

त्या नवऱ्याकडे वळल्या. "तू तरी बोल की काहीतरी!"

चिरंजीव लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाले, "सर म्हणतायत त्यात तथ्य आहे. माझा आढाव्याचा तक्ता अजून अर्धा व्हायचाय."

सूनबाईंनी लॅपटॉप मिटला. शुक्रवारी लॅबला दांडी मारली आणि नवऱ्याचा दंड धरून त्याला घेऊन गेल्या. इकडे मी एकट्यानंच बैठक सुरू केली आणि गणसंख्येअभावी तहकूब केली.

दुपारी दोघं परतली ती पेढे घेऊनच. नोकरी मिळाली होती. तिथल्या मॅनेजरांनी विचारलं म्हणे, 'इतके महिने काय करत होतात?' चिरंजीवांनी खरं ते सांगून टाकलं. लेटमार्क, टिपण्या, शेरे, आढावा, आढाव्याची तयारी. मॅनेजर खुर्चीतून उठलेच. "आमच्याकडेही अगदी हेच चालतं. तुम्हाला वेगळं काही शिकवायला नको. सोमवारी या!"

सूनबाई हसता हसता रडायला लागल्या. मीही पोराच्या पाठीवरून हात फिरवला, आणि कार्यालयीन वेळ असूनही त्यानं मला 'बाबा' म्हटलं. मी चालवून घेतलं.

सोमवारी दोघंही कामावर गेली. खोटं कशाला बोलू, तेव्हापासून घर खायला उठतं. मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर टेबलाशी बसतो आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो. निवृत्त झालो तेव्हाही इतकं सुनं वाटलं नव्हतं.

कार्यालय मात्र मी बंद केलेलं नाही. एक जागा रिकामी आहे आणि तिच्यासाठी मला तुम्ही योग्य वाटता. तुम्हाला आधीच नोकरी आहे, असं म्हणाल. त्याची काळजी करू नका. तिथं दिवसभर जे करता, तेच इथं करायचं आहे. फक्त पगार मिळणार नाही.