हैबतराव मास्तरांच्या खडीफेऱ्याची हकिगत

श्री तळ्याची देवी समर्थ. ज्या वाटेस कोणी पुसत नाही तिजवर तिची नजर राहो, आणि ज्या वाटेस दरबार पुसतो तिचे तीच रक्षण करो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एक राज्य होते, नाव घेण्याचे प्रयोजन नाही, आणि त्या राज्यात एक थोर तलाव, भोवताली वीस कोसांचा फेर, काठास ऊस, जोंधळा, बाभळी, मेंढरे आणि वाड्या, आणि काठच्या कसब्यात हैबतराव चिकुर्डे म्हणोन भूगोलाचे मास्तर राहात असत. नाव हैबतराव, परंतु हैबत वर्गातील पोरांसही वाटत नसे. वय त्रेपन्न, गुडघे त्याहून वडील. तीस वर्षे भिंतीवर नकाशा टांगोन छडीने परक्यांच्या नद्या दाखविल्या, परंतु नकाशावर आपले म्हणोन बोटभर काही नाही, हे शल्य मनी होते. मग उतारवयी सायकलीचा नाद लागला, तोही सरळ नव्हे. जगात खडीस्वार म्हणोन एक पंथ आहे. हे लोक जाड चाकाची महामोलाची सायकल घेतात, चांगला रस्ता दिसला की तोंड फिरवितात, आणि खडी, मुरूम, धुरळा, पाणंद दृष्टीस पडता संतोष पावतात. त्या पंथाचे परमुलखी एक मंडळ, आणि मंडळाचा नेम ऐसा की, तलावाभोवतीचा फेरा निम्मा तरी कच्चा असावा, मग तो मंडळाच्या नकाशावर चढे, आणि शोधणाराचे नाव फेऱ्यास लागे. हे वाचोन मास्तरांची झोप उडाली. चिकुर्डे फेरा! नकाशावर!

मग मास्तरांनी तीन वर्षे तलाव पालथा घातला. बांधावरून गेले, ओढ्यांतून गेले, दोन वेळ उसात शिरोन भलत्याच गावी निघाले, कुत्र्यांनी सन्मान केला तो निराळाच. एके दिवशी बेंदवाडीच्या चढावर सायकल खांद्यास मारून उभे असता, अनसाक्का येडगे म्हणोन मेंढरे राखणारी बाई, वाडीत तिचा शब्द चालतसे, ती पुसती जाहली, "मास्तर, वाट चुकलासा?" मास्तर बोलिले, "नाही अनसाक्का, हीच वाट शोधत होतो." बाई मेंढरांकडे पाहोन म्हणाली, "ऐकलंसा का गं? ही वाट कुणी शोधतंय म्हनं. आमी एकतीस सालं अर्ज करतोय, ही वाट जाऊ दे आन् रस्ता येऊ दे म्हणून." मास्तर हसले, आणि दीड कोस उत्तम खडी म्हणोन वहीत टिपोन घेतले. ऐसे करिता वीस कोसांपैकी चौदा कोस कच्चे भरले. दहा पुरेत, चौदा हाती. माघात मंडळाचा पारखी मोजणीस यावयाचा ठरला, आणि मास्तर रस्त्याने शीळ घालीत चालू लागले, जे त्यांनी लग्नातही केले नव्हते.

येथवर सर्व यथास्थित. परंतु मास्तरांस दुर्बुद्धी जाहली आणि त्यांनी दरबारी अर्ज केला. मागितले काय, तर फाट्यांवर लावावयास बारा पाट्या. दुसरे काही नाही. अर्जात 'परमुलखीचे पाहुणे' ऐसे शब्द पडले, ते हुजुरांनी वाचले, आणि आज्ञा जाहली की, खडीफेऱ्याचे उद्घाटन आमचे हस्ते होईल. पाट्यांचे काय, ते कोणी बोलिले नाही. मग आठवे दिवशी मास्तर सकाळी फेरीस निघतात तो पुढे धूर, काळा वास, आणि खडीवर रोलर. मास्तर सायकल आडवी टाकोन रोलरापुढे उभे राहिले. तेथे रस्तेखात्याचे कारभारी निळकंठराव खर्डेकर छत्रीखाली उसाचा रस घेत होते. मास्तर ओरडले, "कारभारी, हे काय मांडलेत?" खर्डेकर बोलिले, "अहो मास्तर, तुमचेच कार्य! हुजुरांची स्वारी खडीफेऱ्यावर यायची, आणि खाली खडी? लोक काय म्हणतील?" मास्तर म्हणाले, "लोक म्हणतील खडीफेरा!" खर्डेकर बोलिले, "मास्तर, तुम्ही शिकलेले. स्वारी येणार म्हटले की आधी डांबर जाते. वडिलांपासूनची वहिवाट. गेल्या साली हुजूर नावेने बेटावर गेले, तेव्हा आम्ही बेटावरही शंभर हात केले." मास्तरांनी पुसले, "बेटावर गाडी आहे?" "गाडी नाही. रस्ता आहे." ऐसे उत्तर आले. मग मास्तरांनी खडी म्हणजे काय हे वर्गात सांगावे तैसे तीन वेळ सांगितले, नकाशा दाखविला, मंडळाचे पत्र वाचले, आणि खर्डेकरांनी मान हालवीत सर्व ऐकोन रोलरवाल्यास हुकूम केला, "कड जरा सारखी घे रे, मास्तर भूगोलाचे आहेत."

चार कोस डांबर जाहले. हुजुरांची स्वारी मोटारींनी आली, हुजूर सायकलीवर अकरा पावले चालले, दोघांनी मागून खोगीर धरिले होते, आणि भाषण केले की, "आम्ही पुष्कळ खडी पाहिली, परंतु इतकी गुळगुळीत खडी आमचेच राज्यात." टाळ्या जाहल्या. मास्तरांस नारळ मिळाला. त्यांनी तो घरी नेऊन फोडला नाही, कारण हातात घेता कोणाचे डोके आठवेल याची खातरी नव्हती. मग वहीत पाहिले, चौदातून चार गेले, दहा राहिले. बरोबर निम्मे. आणखी बोटभर गेले तरी नकाशा गेला. हे दहा तरी वाचावेत म्हणोन मास्तरांनी खर्डेकरांच्या कचेरीस तोंड दाखविणे सोडिले.

तो पौषात अनसाक्का वाडीची चार माणसे घेऊन मास्तरांच्या ओट्यावर आली. पाणी प्याली आणि बोलिली, "मास्तर, तुमी खडी मागितली, आन् आठ दिसांत डांबर आलं. आमी एकतीस सालं डांबर मागतोय, खडी बी धड न्हाई आली. तुमच्या अर्जात काय लिवता, ते सांगा." मास्तर म्हणाले, "अनसाक्का, ती चूक झाली दरबारची." "मग तीच चूक आमच्याकडं वळवा की. दीड कोस तर हाय." मास्तर म्हणाले, "तुमचा दीड कोस गेला तर माझा फेरा गेला. माघात पारखी येतो. तो मोजून जाऊ द्या, मग मी स्वतः तुमच्यासाठी डांबर मागतो." अनसाक्का म्हणाली, "सून दिवसांत हाय. दवाखान्याची गाडी फाट्यापत्तुर येती, म्होरं खडीला डायवर हात जोडतोय. मागच्या खेपंला बाजंवर घालून न्हेली, पोर वाटंतच झालं. खडीवर झालं म्हणून त्याला खडोबा म्हणत्यात. हसा, आमी बी हसतो, पोरगं जगलं म्हणून. आता ह्या पोराला काय सांगू, पारखी मोजून जाऊस्तवर आत थांब म्हणून?" चारी माणसे जमिनीकडे पाहात राहिली. मास्तर नारळाकडे.

मास्तर दोन दिवस चिडचिड करीत हिंडले. दरबारावर चिडले, मंडळावर चिडले, अनसाक्केवर चिडले, आणि आपण चिडतो कोणावर हे न उमजून सायकलीच्या साखळीवर चिडले. तिसरे दिवशी सरळ मार्गाने पाहावे म्हणोन कचेरीत गेले आणि बोलिले, "कारभारी, बेंदवाडीस डांबर द्या." खर्डेकरांनी बासन सोडिले, "अर्ज आहे. क्रम चारशे बारा. विचार चालू आहे." "केव्हापासून?" "माझे आधीच्या कारभाऱ्यांपासून. त्यांचे आधीचेही विचार करीत होते म्हणतात." "बाई अडली आहे हो!" "मास्तर, अडलेल्यांचीच तर यादी आहे ही. हुजुरांस तिकडे काही काम असते तर गोष्ट वेगळी."

मास्तर तैसेच माघारी आले, वही काढिली, नकाशावर बेंदवाडीची वाट बोटाने एक वेळ चालोन पाहिली, दात खाल्ले, आणि हुजुरांस विनंतिपत्र लिहिले ते ऐसे: "फेऱ्यातील सर्वोत्तम खडी ती बेंदवाडीची. तिचा कळस वाडीतील देवळापाशी आहे. हुजुरांनी जातीने न पाहिली तर परमुलखी काय सांगावे? एकच प्रार्थना, ही खडी आहे तैसीच राखावी, डांबराचा थेंब पडो नये." पाचवे दिवशी रोलर आला. नववे दिवशी देवळापर्यंत दीड कोस काळाभोर जाहला. दहावे दिवशी हुजूर मोटारीतून उतरले, खाली पाहिले, आणि बोलिले, "मागील खडीपेक्षा ही अधिक काळी." खर्डेकर म्हणाले, "जातिवंत आहे, हुजूर." मास्तर बाभळीस टेकोन उभे होते, त्यांनी डोळे मिटोन घेतले. पौष वद्य अष्टमीस गाडी अनसाक्केच्या दारात आली, सून दवाखान्यात पोचली, मुलगी जाहली. माघात पारखी आला, उंच, सभ्य, फीत घेऊन मोजता जाहला, साडेआठ कोस भरले, मास्तरांशी हात मिळविला आणि निघोन गेला. फेरा नकाशावर चढला नाही.

मग मास्तर ओट्यावर बसोन सायकल विकावी की तळ्यात टाकावी हा विचार करीत असता, आणखी तीन वाड्यांचे लोक येऊन उभे राहिले. "मास्तर, आमची खडी बघा की." "आमची त्यांच्यापेक्षा खराब हाय." "जा, तुमच्यात बैल तरी चालतोय, आमच्यात बैल बी बसतोय." मास्तर संतापले, "मी काय डांबराचा मुनीम आहे? उरलेला फेराही खाता काय? निघा!" लोक निघाले नाहीत, सवयीचे होते, ओट्याखाली बसले. मास्तर आत गेले, दार आपटले, आतून भांड्याचा आवाज जाहला, आणि मग दौत, कागद घेऊन बाहेर आले, आणि खेकसले, "ओरडू नका एकदम. सगळ्यांत वाईट खडी कोणाची, ते आधी सांगा."

येणेप्रमाणे हकिगत. मास्तरांनी खडीची तारीफ करावी आणि दरबारने तिजवर डांबर घालावे, ऐसे होता होता तलावाभोवती वीस कोस पक्के जाहले, आणि खडीस्वार त्या राज्याकडे फिरकले नाहीत. मास्तरांचे नाव कोणत्याही नकाशावर नाही. क्रम चारशे बाराचा अर्ज अद्याप विचारात आहे. लिहिले तैसे घडले, अधिक उणे दरबार जाणे.