हिरव्या पेनाचा हुकूम

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या कादंबरीत शुद्धलेखनाच्या तीनशे एकेचाळीस चुका आहेत आणि त्या मी मुद्दाम केल्यात! हो, मुद्दाम! त्यातली एक जरी कुणी दुरुस्त केली, तर त्याच्याशी माझं जन्माचं वाकडं! हे मी प्रकाशकांना पहिल्याच भेटीत सुनावलं होतं.

"मुद्दाम?" प्रकाशकांच्या हातातला चहा हातातच राहिला.

"मुद्दामच! चुकून चुका करणाऱ्यातला मी नव्हे!"

कादंबरी एका मुलाची आणि त्याच्या आईची. मुलगा वसतिगृहात राहून शिकतोय आणि आई त्याला पत्रं पाठवतेय. एक प्रकरण मुलाचं, की पुढे आईचं पत्र. आता तुमच्यापासून काय लपवायचं! मुलगा म्हणजे मी आणि पत्रं माझ्या आईची. अगदी खरी, ट्रंकेत जपलेली. आई शाळेची पायरी कधी चढली नव्हती. मी वसतिगृहात गेलो तेव्हा मला पत्र लिहिता यावं, एवढ्याचसाठी चाळिसाव्या वर्षी ती अक्षरं शिकली. 'तु जेवतोस का? खोटं लीहू नको. मला कळतं.' ऱ्हस्व-दीर्घाचा पार बोजवारा! पण वाचलं की वाटायचं, ही इथेच खाटेवर बसून बोलतेय. ती पत्रं शुद्ध करायची म्हणजे आईचा आवाज पुसून तिथे बातम्या सांगणारी बाई आणून बसवायची. माझ्या जिवात जीव असेपर्यंत ते होणार नव्हतं!

आईला मात्र मी यातलं काही बोललो नव्हतो. पुस्तक थेट हातात ठेवायचं, पहिलं पत्र उघडून दाखवायचं आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं की आपणही थोडं रडून घ्यायचं, असा बेत होता.

पण मध्ये गुरुजी आडवे आले. गुरुजी म्हणजे प्रकाशकांकडे छपाईआधी पानं तपासणारे निवृत्त शिक्षक. त्यांनी तपासलेली पहिली पानं माझ्याकडे आली तेव्हा मला घाम फुटला. पोराला गोवर उठावा तशी लाल शाई उठली होती! मी तसाच गठ्ठा घेऊन त्यांच्या टेबलावर आदळला.

"गुरुजी, या पात्राच्या चुका आहेत!"

"मग पात्राला माझ्याकडे पाठवा," गुरुजी शांतपणे म्हणाले. "आठ दिवसांत सुधारून देतो."

"पात्र असंच लिहितं!"

"लिहो बापडं! पण लोक म्हणतील, तपासणारा झोपला होता. पुस्तकात माझं नाव असतं, बारीक अक्षरात का होईना!"

"माझं मोठ्या अक्षरात असतं!"

आवाज एवढे चढले की संगणकावर अक्षरं जुळवणाऱ्या बाई उठून दारात आल्या. बरंच झालं. मी त्यांनाच हुकूम सोडला. "बाई, नीट ऐका! लाल शाई दिसली की सोडून द्या. हिरवी दिसली की छापा. हिरवी शाई म्हणजे माझा शब्द! चूक वाटली तरी चूक छापायची. आणि 'हे असंच ठेवू का' असं विचारायला मला फोन करायचा नाही!"

प्रकाशक व्यवहारी माणूस. त्यांनी हे सगळं कागदावर उतरवून त्यावर माझी सही घेतली. गुरुजींनी लाल पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "यापुढे मी एका अक्षराला हात लावणार नाही." जिंकलो की हो!

शेवटची पानं घरी आली. दोनशे बारा पानं. चुका सगळ्या जागच्या जागी! मी प्रत्येक पानावर हिरवी सही ठोकली, गठ्ठा जेवणाच्या टेबलावर ठेवला, पेन त्यावर ठेवलं आणि ऑफिसच्या कामाला दोन दिवस बाहेरगावी गेलो. परत आलो तर गठ्ठा वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने छान बांधलेला.

"कागद उडत होते," आई म्हणाली. "म्हटलं, बांधून ठेवावे."

मी भरून पावलो आणि गठ्ठा न सोडता जसाच्या तसा छापायला देऊन आलो.

महिन्याभराने पुस्तक आलं. आईला खुर्चीत बसवलं, चष्मा दिला, पहिलं पत्र उघडून समोर धरलं. तिने ओळीखाली बोट धरून वाचलं आणि मान डोलावली.

"झकास छापलंय रे! एक चूक नाही!"

मी पुस्तक ओढून घेतलं. 'तू जेवतोस का? खोटं लिहू नकोस.' दुसरं पत्र शुद्ध. तिसरं शुद्ध. सगळी पत्रं धुऊन इस्त्री केलेली! मी तसाच चपला अडकवून प्रकाशकांकडे धावलो.

"गुरुजी, दगा दिलात!"

"मी हात लावलेला नाही," गुरुजी म्हणाले. टोपण खरंच लागलेलंच होतं.

बाईंनी गठ्ठा काढून समोर ठेवला. सगळ्या दुरुस्त्या हिरव्या! आणि अक्षर... आधी रेघ ओढायची आणि मग तिला दोरीवर कपडे घालावेत तशी अक्षरं टांगायची, ही पद्धत जगात एकाच व्यक्तीची.

"तुमच्या प्रकरणांतही आहेत," बाई चाचरत म्हणाल्या. "मला शंका आली होती, पण फोन करायचा नाही असं तुम्हीच..."

मी माझं पहिलं प्रकरण उघडलं. 'मी खिडकिशी बसुन पूस्तक वाचत होतो.'

मी घरी कसा आलो, आठवत नाही.

"आई! काय केलंस हे?"

"काय केलंस म्हणजे? चाळिसाव्या वर्षीची पत्रं रे ती! आता नातीबरोबर चौथीपर्यंतचं शुद्धलेखन केलंय मी. आणि तू जगाला दाखवणार, माझ्या आईला लिहिता येत नाही! मला एका शब्दाने विचारलंस?"

नव्हतं विचारलं. सगळ्या जगाशी भांडलो, पण जिची पत्रं होती तिला विचारायचं राहून गेलं. लाज वाटली हो!

"पण माझ्या प्रकरणांना का हात लावलास?"

"त्यातही चुका होत्याच की! माझी पत्रं नातीच्या शब्दकोशात एकेक शब्द बघून केली. मग ती शब्दकोश घेऊन शाळेत गेली. तुझं अंदाजाने केलं." आई चष्मा काढत म्हणाली, "तुझ्याही इतक्या निघाल्या ना, मला बाई बरं वाटलं."

आठवड्याने परीक्षण छापून आलं. 'अडाणी आईची भाषा निर्मळ आणि शिकलेला मुलगा अक्षराअक्षराला ठेचकाळतो! केवढं हे धाडस!' प्रकाशकांचा फोन आला. दुसरी आवृत्ती काढायची होती आणि गुरुजी टोपण काढून बसले होते.

मी पुस्तक उघडलं. 'बसुन', 'पूस्तक'. मोठ्याने वाचून बघितलं. आणि काय सांगू, तीच की हो ही! खाटेवर बसून बोलणारी! पत्रांतून गेलेली आई माझ्या प्रकरणांत येऊन बसली होती. आईला हाक मारली आणि या वेळी आधी विचारलं.

"राहू दे की," ती म्हणाली. "तुझ्याच नावावर आहेत."

"एक अक्षर बदललंत तर याद राखा!" मी फोनवर ओरडलो.

"म्हणजे मुद्दाम आहे हे?"

"मुद्दामच!"

हल्ली ऑफिसात लोक मला हळूच शुद्धलेखनाची पुस्तकं आणून देतात. मी मान ताठ ठेवून घेतो. ही हकिकतही काल लिहून टेबलावर ठेवली होती. आज बघतो तर वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेली! सोडून बघायची काही हिंमत झाली नाही. तशीच पाठवतोय.