चौघांत एक किल्ली

खट्.

हा आवाज आप्पांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते कुलपांचं काम शिकवणाऱ्या उस्तादांच्या हत्यारांच्या पेटीपेक्षा थोडेच उंच होते. एका व्यापाऱ्याच्या पेढीत माणसाएवढी लोखंडी तिजोरी अडून बसली होती. उस्तादांनी तिच्या पोटाला कान लावला, हातातली तार जराशी फिरवली, आणि आतून तो बारीक आवाज आला. मग दोन कारकून पुढे झाले. दोघांकडे एकेक किल्ली. दोन्ही एकदम फिरल्या तरच दार उघडायचं. पण ते दोघे एकमेकांच्या तोंडाकडेही बघत नव्हते. परत येताना आप्पांनी विचारलं, यांचं भांडण आहे का? उस्ताद म्हणाले, "पैशाचं कुलूप एकट्याच्या हाती देऊ नये, पोरा. आणि दोघांच्या हाती द्यायचं तर त्यांचं आपसात पटत नाही ना, एवढं आधी बघून घ्यावं."

पुढे आप्पांनी जन्मभर कुलपं दुरुस्त केली. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा दुकान विकलं आणि आलेले पैसे बँकेत ठेवले. त्या पैशांचं काम आधीच ठरलं होतं. बायकोची कवळी बसवायची होती. एके काळी ती हसली की खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. दात गेल्यापासून ती तोंडावर हात धरून हसे, आणि तो हात आप्पांना बघवत नसे. (हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. असल्या गोष्टी सांगायच्या कशा, हे कोणी शिकवलेलं नसतं.)

बँकेने कार्ड दिलं, सोबत बंद पाकिटात चार आकड्यांचा गुप्त नंबर दिला. आप्पांनी विचार केला, कार्ड म्हणजे कुलूप आणि नंबर म्हणजे किल्ली. उस्तादांचा धडा ते विसरले नव्हते. त्यांनी पहिला आकडा बायकोला दिला, दुसरा मुलाला, तिसरा सुनेला आणि चौथा खालच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या भावाला. भाऊ टेलर होता. या चौघांचं आपसात पटत नाही ना, याची चौकशी करावी लागली नाही. घरचीच माणसं होती ती. मग त्यांनी कागद चुलीत घातला. स्वतःकडे काहीच ठेवलं नाही. मालकाचा तरी काय भरवसा?

तेव्हापासून पैसे काढायचे म्हटलं की वरातच निघे. एटीएमपाशी एकेकाने आत जायचं, आपला आकडा दाबून बाहेर यायचं, आणि तोवर बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. तिथला पहारेकरी पहिल्या वेळी म्हणाला, की फोटो स्टुडिओ पलीकडच्या गल्लीत आहे.

एका रविवारी दुपारी आप्पांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज मधात घोळलेला होता. "काका, मी बँकेतून साहेब बोलतोय. तुमचं कार्ड आज संध्याकाळी कायमचं बंद होणार आहे."

आप्पांनी घाईघाईने कपाटातलं कार्ड काढलं. दातांच्या डॉक्टरकडे पुढच्याच आठवड्यात माप द्यायचं होतं. साहेबांनी धीर दिला. घाबरू नका, मी आहे ना, फक्त कार्डावरचा नंबर वाचून दाखवा. आप्पांनी भिंग लावून पुढचे आकडे वाचले, कार्ड उलटं करून मागचेही वाचले. साहेब खूश झाले आणि म्हणाले, आता तेवढा गुप्त नंबर सांगा.

"तो माझ्याकडे नाही," आप्पा म्हणाले.

"मग कोणाकडे आहे?"

"घरात सगळ्यांकडे थोडा थोडा आहे."

पलीकडे पेन आपटल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "बोलवा सगळ्यांना. मी थांबतो."

आप्पांनी फोन मोठ्या आवाजावर करून टेबलावर ठेवला आणि खाली हाक मारली. भाऊ गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या घेऊन वर आला. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने टाचण्या एकेक करून गादीत खोचल्या आणि म्हणाला, "दादा, आधी माझी शिडी खाली येऊ दे."

ही शिडी त्या घरात जुनी होती आणि तिचं भांडण तिच्याहून जुनं. भावाचं म्हणणं, वडिलांनी ती त्याला दिली. आप्पांचं म्हणणं, दिली नव्हती, नुसती त्याच्या दाराशी टेकवून ठेवली होती. आता तो विषय पुन्हा पहिल्यापासून निघाला. वडिलांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत येऊन पोचला तेव्हा टेबलावरून आवाज आला, "काका, देऊन टाका ना शिडी."

बँकेच्या साहेबांचा शब्द मोडणार कसा? मुलगा शिडी घेऊन खाली गेला, जिन्यात दोन वळणांवर अडकला, आणि भावाने आपला आकडा सांगितला.

सुनेने फोनकडे पाहून नमस्कार केला आणि सावकाश मुद्द्यावर आली. कुलपं दुरुस्त करण्याच्या सवयीने आप्पांनी घरात जिथे कडी दिसेल तिथे कुलूप घातलं होतं. साखरेच्या डब्यालाही होतं. पाहुण्यांसमोर चहा करायचा तर तिला सासऱ्यांना झोपेतून उठवावं लागे. "आप्पा, डब्याचं कुलूप निघालं की माझा आकडा निघेल," ती म्हणाली. साहेबांनी सुनेचीच बाजू घेतली. कुलूप निघालं. सुनेने आकडा सांगितला, आणि लगेच म्हणाली, "यांचाही सांगून टाकते, ते अजून जिन्यातच आहेत."

आप्पा उभेच राहिले. "त्याचा आकडा तुला कसा माहीत?"

"त्यांनीच सांगितला."

"म्हणजे दोन किल्ल्या एका हातात?" आप्पांनी विचारलं. इतके दिवस आपलं कुलूप उघडंच होतं, या विचाराने त्यांनी कार्ड उचलून छातीशी धरलं. मुलगा वर येताच त्यांनी त्याला समोर बसवलं आणि विश्वास या विषयावर बोलायला घेतलं. उस्ताद, तिजोरी, दोन कारकून, सगळं झालं. टेबलावरचा फोन मधूनमधून काकुळतीला येत होता. "काका, त्याला नंतर बोला. एकच आकडा राहिलाय. तेवढा घ्या."

राहिलेला आकडा बायकोचा होता. ती कोपऱ्यात मटार सोलत बसली होती आणि मघापासून सगळं ऐकत होती. बँकेचं तिला काही कळत नव्हतं आणि संशय तर मुळीच आला नव्हता. तिला फक्त राग आला होता.

"भावाला विचारलंत, सुनेला विचारलंत. माझी आठवण सगळ्यात शेवटी," ती म्हणाली.

"अगं, पहिला आकडा तुझाच आहे."

"मग पहिलं मलाच विचारायचं होतं."

आप्पांनी पुष्कळ विनवण्या केल्या. शेवटी ती उठली, हात पुसले आणि फोनसमोर बसली. आकडा सांगते, म्हणाली, पण आधी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जेवलास का, म्हणून तिने विचारलं. रविवारचं काम करायला लावतात तर आई काही बोलत नाही का? आईचे दात कसे आहेत? कवळी बसवली असली तर ती हिरडीला लागते का, पाणी पिताना सुटते का, आणि डॉक्टरने किती घेतले? माझे दात गेलेत, नवे बसायचे आहेत, म्हणून विचारते, म्हणाली. मग बँकेतल्या बाकड्याचा पाय हलतो ही तक्रार केली. गेल्या वेळी ती त्यावर बसली तेव्हा पलीकडच्या टोकाचा माणूस खाली घसरला होता, ते साग्रसंगीत सांगितलं. त्या माणसाचं पुढे काय झालं, हेही ती सांगणार होती.

साहेबांचा मध संपला. "काका," फोन कडाडला, "आवरा या म्हातारीला. तोंडात दात नाहीत तर एवढं डोकं खाते. दात आल्यावर काय माणसं खाणार?"

भाऊ हातातला टेप गुंडाळायचा थांबला. सून साखरेचा डबा कमरेवर घेऊन दारात आली. बायकोचा हात आपोआप तोंडावर गेला.

(खरं सांगायचं तर याच्या जवळपास जाणारं काहीतरी आप्पा स्वतःही एकदा बोलून गेले होते. पण नवऱ्याचं बोलणं वेगळं आणि परक्याचं वेगळं. शिवाय त्याबद्दल आप्पांना त्या दिवशी संध्याकाळचं जेवण मिळालं नव्हतं, म्हणजे हिशेब मिटला होता.)

आप्पांनी फोन उचलला. ते मुळात सावकाश बोलत. आता आणखी सावकाश बोलले. "साहेब, बँक तुमची असेल. बायको माझी आहे." आणि फोन कापला.

तो पुन्हा वाजला. भावाने घेतला आणि असं काही बोलला, की याच्या ओठांत टाचण्याच असलेल्या बऱ्या, असं आप्पांना वाटलं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा सुनेने तो उशीखाली ठेवला. त्या संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र चहा घेतला. कितीतरी दिवसांनी घेतला असेल. साखर ज्याला हवी तेवढी होती.

पण रात्रभर आप्पांना चुटपुट लागून राहिली. एवढा मोठा माणूस, स्वतः फोन करतो, शिडीचं भांडण मिटवतो, आणि आपण तोंडावर फोन आपटला. आता कार्ड बंद झालं असणार. दात गेले, आणि या वेळी ते आपल्यामुळे गेले. सोमवारी बँक उघडताच ते घरात कोणाला न सांगता तिथे गेले आणि काउंटरवरच्या बाईंना म्हणाले, रविवारी ज्या साहेबांनी फोन केला होता त्यांना भेटायचंय, माफी मागायची आहे.

बाईंनी चष्मा वर केला. "रविवारी बँक उघडी असती तर मी रविवारी इथे नसते का, आजोबा?"

मग त्यांनी सगळं विचारून घेतलं. आप्पा सांगत गेले तसा बाईंचा हात की-बोर्डवर भरभर चालू लागला. आधी त्यांनी कार्ड बंद केलं, मग खातं उघडून पाहिलं. पैसे जागच्या जागी होते. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि आप्पांना पाणी दिलं. मग समजावून सांगितलं. बँक कधीही फोन करून गुप्त नंबर विचारत नाही, कार्डावरचे आकडेही नाही, मेसेजमध्ये येतो तो नंबरही नाही. असा फोन आला तर सरळ कापायचा, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर आपण फोन करायचा, आणि पैसे गेलेत असं वाटलं तर क्षणभरही न दवडता कळवायचं. आणि नंबर कोणाला वाटायचा नाही. चौघांना नाही, एकालाही नाही.

"बायकोला?" आप्पांनी विचारलं.

"बायकोलाही नाही."

मग बाईंनी बाकड्यावर बसलेल्या लोकांना मोठ्याने सांगितलं, हे आजोबा बघा, ऐन वेळी फोन कापला यांनी. आप्पांनी मान खाली घातली. पण फार खाली नाही. फोन का कापला, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

त्यानंतर गल्लीत आप्पांचं व्याख्यान ऐकल्याशिवाय कोणाला पुढे जाता येईना. दूधवाल्याने दोनदा ऐकलं. ज्याच्याकडे कार्डच नव्हतं अशा एका माणसालाही त्यांनी ते सांभाळायचं कसं हे शिकवलं.

नवीन कार्ड आलं तेव्हा बाई म्हणाल्या, जन्मसाल ठेवू नका, ते चोर पहिलं ओळखतात. लिहूनही ठेवू नका. जन्मात विसरणार नाही असा आकडा ठेवा. आप्पांनी मशीनपुढे उभं राहून विचार केला आणि मनाशी हसले. लग्नाचं साल. त्यांनी ते दाबलं, मशीनने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा दाबलं.

घरी येऊन त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं, "आकडा कोणता ते बोलायची बंदी आहे. पण तुझ्या-माझ्यातलाच आहे. मेलो तरी विसरायचो नाही." तिला तेवढ्यात कळलं. ती नुसती हसली, आणि हसताना हात तोंडाकडे न्यायला विसरली. दिवसभर ती उगाच भांडी इकडची तिकडे लावत राहिली.

कवळी तयार झाल्याचा डॉक्टरचा निरोप आला. या वेळी वरात नव्हती, दोघेच निघाले. एटीएममध्ये शिरताच आप्पांनी तिला भिंतीकडे तोंड करायला लावलं, मशीनवर अंगाचा आडोसा धरला आणि बोट पुढे केलं.

बोट तिथेच थांबलं. लग्न झालं ते गावातल्या थिएटरला आग लागली त्याच्या पुढच्या साली. आगीचं साल त्यांना नीट आठवत होतं. त्यांनी पुढचं साल दाबलं. चुकीचा नंबर, मशीन म्हणालं. मग आग त्याच साली लागली असेल. आप्पांनी ते दाबलं. मशीनने तेच सांगितलं, आणि वर बजावलं, की आता एकदाच दाबता येईल, चुकलं तर कार्ड बंद. काचेबाहेर रांग लागली होती. रांगेतला एक जण खोकला. दवाखाना थोड्या वेळाने बंद होणार होता. लग्नातल्या सगळ्या गोष्टी आप्पांच्या डोळ्यांपुढे लख्ख होत्या. तिने नेसलेला रंग, मांडवातला उकाडा, भावाने सांडलेलं पाणी. फक्त साल कुठे दिसेना.

त्यांनी घसा खाकरला. भिंतीकडे तोंड करून उभी असलेली बायको वळली.

"सहजच विचारतो हं," आप्पा म्हणाले, "आपलं लग्न कुठल्या साली झालं गं?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मशीनकडे पाहिलं. पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. मग ओठ घट्ट मिटून तिने काचेचं दार ढकललं आणि रांगेतल्या माणसांमधून वाट काढत, मागे वळून न बघता, चालू लागली.