पडझड निवारण समितीचे यश

माणूस पडतो, कारण त्याआधी तो उभा राहिलेला असतो. एवढे साधे सत्य आजवर कोणाला सुचले नाही. ते आमच्या रुग्णालयाच्या पडझड निवारण समितीला दुसऱ्याच बैठकीत सुचले. (पहिली बैठक चहा कोणी सांगायचा, यावर संपली.)

गुणवत्ता विभागाचा प्रमुख म्हणून मी त्या समितीचा अध्यक्ष होतो. रुग्णालयांची गुणवत्ता तपासणारे परीक्षक येणार होते आणि त्यांना दाखवायला काहीतरी सुधारलेले हवे होते. रुग्ण बरा झाला की नाही, हे मोजून पाहण्याचा आम्ही प्रामाणिक प्रयत्न केला. पण त्यावर डॉक्टर एक सांगतात, नातेवाईक दुसरे, आणि रुग्ण तर भलतेच. पडण्याचे तसे नसते. माणूस पडला की पडला. आवाज येतो, चारजण धावतात, नोंद होते. म्हणून पडणे मोजायचे ठरले.

जुन्या नोंदी काढल्या. चालताना पडलेले: बहुतेक सगळे. उभे राहताना पडलेले: उरलेले. झोपलेले असताना पडलेले: एकही नाही. (दोघे खाटेवरून गडगडले होते, पण त्यांना आम्ही 'अनियोजित अवतरण' या वेगळ्या सदरात हलवले.) आकड्यांपुढे कोणाचे चालते?

मग मुळावरच घाव घातला. खाटांना दोन्ही बाजूंनी कठडे बसवले. दाखल होतानाच चपला काउंटरवर जमा करायच्या आणि पावती घ्यायची, असा नियम केला. रुग्ण पडला तर सिस्टरने चार पानी खुलासा द्यायचा. रुग्ण नुसता लोळत राहिला तर काहीच द्यायचे नाही. आमच्या वॉर्डातल्या सिस्टर मायाळू. म्हाताऱ्यांना हात धरून व्हरांड्यात फिरवायच्या. पहिला खुलासा लिहिल्यावर त्यांची ही सवय आपोआप सुटली.

राहता राहिला फिजिओथेरपिस्ट. माणसांना चालायला लावणे हाच त्याचा धंदा. पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक त्याच्या डोळ्यांदेखत पडले होते आणि त्याच्या नोंदीही तो स्वतःच इमानेइतबारे करत असे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याला आम्ही सन्मानाने चपलांच्या खोलीवर नेमले.

याच सुमारास माझी आत्या न्यूमोनिया होऊन दाखल झाली. आत्याने उभा जन्म टपाल वाटण्यात घालवलेला. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, इमारतीला लिफ्ट नाही. आली ती स्वतःच्या पायांनी, आणि काउंटरवर चपला देताना म्हणाली, "हरवू नका हो, त्याच घालून घरी जायचंय मला."

औषधांनी ताप उतरला. (डॉक्टरांनी आपले काम चोख केले, त्याबद्दल तक्रार नाही.) पण इंजेक्शने लांबली, परीक्षकांची तारीखही पुढे पुढे जात राहिली. एके दुपारी भेटायला गेलो, तर आत्या कठड्याच्या दांड्यांमधून बाहेर बघत होती.

"अरे, मला त्या खिडकीपर्यंत तरी ने. पायांची पार लाकडं झालीत."

"आत्या, जरा विश्रांती घे."

"विश्रांती तू सांगतोयस. डॉक्टर कधीचा म्हणतोय, चाला म्हणून."

सिस्टर ओशाळल्या. "आजी, ते परीक्षक एकदा येऊन जाऊ देत, मग आपण दोघी चालू हं. आत्ता तुम्ही पडलात ना, तर माझं काही खरं नाही."

"आणि नाही चालले तर माझं काय खरं आहे?" आत्या माझ्याकडे वळली. "तीन मजले कोण चढणार? तू?"

मी भाचा म्हणून उठलो आणि विभागप्रमुख म्हणून पुन्हा बसलो. फार वाईट वाटले. पण आमच्या तक्त्यात वाईट वाटण्याचे सदर नाही.

परीक्षक आले. सगळे रुग्ण कपाटातल्या चादरींसारखे जागच्या जागी होते. "किती शिस्तीचा वॉर्ड!" असे परीक्षकांच्या प्रमुखबाई दोनदा म्हणाल्या. फाटकावर पितळी पाटी लागली: 'पडझड: शून्य'.

त्याच आठवड्यात आत्याला डिस्चार्ज मिळाला. सिस्टरांनी शब्द पाळला. कठडा खाली केला, हात दिला. आत्याने पाय जमिनीला टेकवले, पण पाय तिला ओळख देईनात. चपला घेऊन आलेला फिजिओथेरपिस्ट खाली बसला, त्याने तिच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता जिना अवघड आहे. फार आधी उठवायला हवं होतं." (आत्या पडली मात्र नाही, हे इथे नमूद करतो. आम्ही तिला वेळीच व्हीलचेअरमध्ये घेतले.) कागदावर 'प्रकृती समाधानकारक' असा शेरा मिळाला.

आत्या आता एका वृद्धाश्रमात, तळमजल्यावर राहते. चपला तिने नेल्या नाहीत. "ठेव तुझ्या त्या पाटीखाली," म्हणाली, "शोभतील."

एवढे वाचून तुम्ही मला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या असतील. हासडा. फक्त आमच्या अभिप्राय-पेटीतली ही चिठ्ठीही वाचा: 'बाबा कधीही बघावं तेव्हा खाटेवरच असतात. आमची काळजी मिटली. पाच तारे.' अक्षर ओळखीचे वाटते का? पाटी वाचूनच तुम्ही त्यांना आमच्याकडे आणलेत आणि काउंटरवर एकच प्रश्न विचारलात, "पडणार नाहीत ना?"

नाही पडणार. चपलांची पावती तेवढी तुम्ही काउंटरवरच विसरून गेला आहात. मुद्दाम न्यायला येऊ नका. ती लागणार नाही.