दिवाळ्यातला हॅकर

"आपल्या पोरीचे फोटो परदेशातल्या कंपनीच्या ताब्यात द्यायचेच कशाला?" या प्रश्नावर ऋषी वर्षभर तापलेला होता. शेवटी त्याने खारघरच्या फ्लॅटमध्ये, चपलांच्या कपाटावर स्वतःचा सर्व्हर मांडला. दिसायला डब्याएवढाच, पण फोनवर व्हीपीएन सुरू केलं की कुठूनही थेट त्यात शिरता येई.

रविवारी दुपारी तो सासुरवाडीला, दिवाळे गावात आला होता. जेवणाला वेळ होता. मेहुणा तेजस म्हणाला, "भावजी, बारशाचे फोटो दाखवा ना."

ऋषीने मोबाइलला रेंज नाही म्हणून सासूबाईंच्या घरचं वायफाय घेतलं, व्हीपीएन लावलं, पत्ता टाकला, पासवर्ड टाकला. डबा उघडला. आत एकही फोटो नव्हता. होती ती गाण्यांची तीनशे रेकॉर्डिंग्ज.

"हे काय? कोणीतरी घुसलंय!"

"कुठं?"

"माझ्या घरात! म्हणजे सर्व्हरमध्ये!" त्याने एक रेकॉर्डिंग लावलं. एक म्हातारी खणखणीत आवाजात लग्नातलं काहीतरी गात होती. "बघ! माझ्या पोरीचे फोटो पळवले आणि वर हा कचरा भरून ठेवला! निर्लज्जपणा बघ!"

"पोलिसात जायचं का?"

"पोलीस नंतर. आधी साफसफाई." ऋषीने सगळं निवडलं आणि दात-ओठ खात डिलीट केलं. मग डिलीट केलेल्या फायलींची टोपलीही रिकामी केली, न जाणो हॅकर परत आला तर.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्याच्या सासूबाईंची, मालतीबाईंची हाक आली. "मने! माजं धवलं खय गेलं गो? आता वाजत व्हतं, आनि बंदच परलं!"

मालतीबाई गावच्या लग्नांत धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गात. मनाली कालवणाचा हात तसाच घेऊन बाहेर आली आणि तिने नवऱ्याच्या फोनकडे पाहिलं.

"काय केलंस तू?"

"मी? माझ्यावर हल्ला झालाय!"

"अरे, आईलाही मी तसाच डबा बसवून दिलाय. गिरजाआजीचे धवले होते त्यात. आजी गेली, आता पुन्हा कुठून आणायचे?"

"पण मी व्हीपीएनवरून माझ्या घरी गेलो होतो!"

"तू आईच्याच वायफायवर बसलायस. दोन्ही डब्यांचा पत्ता एकच. नवी मुंबईत सेक्टर पंधरा जागोजागी आहेत. नुसतं 'सेक्टर पंधरा' म्हटलं की खारघरचा रिक्षावाला खारघरच्याच पंधरात सोडणार ना? तुझ्या फोनने जवळचा डबा धरला."

"एकच पत्ता दिला कोणी?"

"तूच. सर्व्हर कसा लावायचा ते तू मला लिहून दिलं होतंस ना? त्यावरून शब्दन् शब्द केलं. पासवर्डसुद्धा तोच."

"पासवर्ड बदलायचा असतो!"

"ते कागदावर नव्हतं."

ऋषीचा संताप आता कुठे टेकावा तेच त्याला कळेना. कागद त्याचा, बोट त्याचं. त्याने मालतीबाईंकडे पाहिलं. त्या पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. गिरजाबाई म्हणजे त्यांची आई.

"आई, मला माफ करा. मला वाटलं..."

मालतीबाई आत गेल्या. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात साबणाच्या वडीएवढी काळी डबी होती, हार्ड डिस्कची. त्यांनी ती आपल्या सर्व्हरला जोडली, टीव्हीवर दोन-तीन बटणं दाबली. पाचच मिनिटांत गिरजाबाई पुन्हा खणखणीत आवाजात गाऊ लागल्या.

"दर आयतवारी सकाली सगल्या गान्यांची दुसरी परत काढून ठेवतंय," मालतीबाई म्हणाल्या. "कागदावर शेवटाला लिवलं व्हतं तुमी. लाल शाईनं."

"हो, हो. ते फार महत्त्वाचं असतं," ऋषी जीव भांड्यात पडल्यासारखा म्हणाला.

"मंग तुमची दुसरी डबी खय ठेवलीव?"

ऋषीने तेजसकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर वाळत घातलेल्या बोंबलांकडे.

मालतीबाईंनी देवघरामागून तो घडी घातलेला कागद काढला आणि जावयापुढे उलगडून धरला.

"तेजस, जा रे, याची झेरॉक्स मारून आन. यांना देऊ एक."