सालोमीबाईंची खात्री

पुण्याहून बदली होऊन मी हैदराबादला नल्लकुंट्यात राहायला आले, त्याच दिवशी शेजारच्या सालोमीबाई चहाची किटली घेऊन आल्या. नाव-गाव विचारून झालं. मग म्हणाल्या, “जन्म कुठला?”

“पुण्याचाच.”

“कोणी सांगितलं?”

मला प्रश्नच कळला नाही. “म्हणजे... आईनं.”

“आई होती तिथं. चालेल,” असं म्हणून त्यांनी माझा जन्म मंजूर केला आणि कपात चहा ओतला.

सालोमीबाई गायकवाड. बालपण जालन्याचं, नोकरी हैदराबादची. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही. जगातल्या कुठल्याही लिखित मजकुराला त्यांचा एकच सवाल असे, “लिहिणारा तिथं होता का?” पेपरातल्या बातमीला, लग्नपत्रिकेतल्या ‘मिष्टान्न भोजना’ला, औषधाच्या बाटलीला, सगळ्यांना तोच. एकदा बेगम बाजारात मिरची घेताना दुकानदार म्हणाला, “असली गुंटूर है अम्मा, बोरी पे लिखा है ना!”

“पोत्यावर काय, कोणीही लिहितं,” बाई मला मराठीत म्हणाल्या आणि त्याला विचारलं, “तोडते वक्त तुम थे क्या?”

तो बिचारा “मैं कैकू रहतूं अम्मा!” म्हणून हात जोडून उभा राहिला.

या सवालाचा खरा उपयोग मात्र त्या वेगळ्याच कामात करत. मराठवाड्यातली जुनी ख्रिस्ती कुटुंबं आता कुठे कुठे पांगलेली. त्यांतल्या कुणाला आजा-पणजाचा शोध घ्यायचा झाला की तो बाईंकडे येई. गावोगावच्या चर्चनी आपापल्या सभासदांची माहिती पाठवलेली एक वेबसाइट आहे. लोक तिथलं नाव दाखवून म्हणत, “चर्चनंच दिलंय बाई, म्हणजे पक्कं.”

“चर्चनं पाठवलं म्हणजे चर्चनं लिहिलं असं नाही,” बाई सांगत. “बाप्तिस्म्याची तारीख पाद्रीबाबानं स्वतः लिहिली असेल तर मी मानते, पाणी त्याच्याच हातात होतं. पण जन्मतारीख? ती बापानं सांगितली. बाप म्हणाला, पेरणीच्या सुमाराला. झालं! एका गावात तर सगळेच पहिल्या जानेवारीला जन्मलेत. सुईणीचे काय हाल झाले असतील त्या दिवशी!”

मोतीबिंदूमुळे त्यांना पडद्यावरचं वाचवेना, म्हणून रविवारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे बसू लागले. मी नावं वाचायची, त्यांनी “हं” नाहीतर “हूं” करायचं. “हं” म्हणजे पास.

असंच एकदा नांदेडकडच्या एका चर्चनं नव्यानं पाठवलेली माहिती वाचत होते. “शमुवेल योसेफ गायकवाड. जन्म जालना. मृत. अविवाहित.”

“हं”ही आलं नाही, “हूं”ही नाही. मी वर बघितलं.

“माझा धाकटा भाऊ आहे तो,” बाई म्हणाल्या.

भाऊ असल्याचं त्या कधी बोलल्याच नव्हत्या. आई-वडील गेल्यावर त्यांनी त्याला हैदराबादला आणलं, शिकायला घातलं. तो नापास होत राहिला. “मी म्हणाले, काहीतरी बनल्याशिवाय तोंड दाखवू नकोस. मास्तरणीची जीभ! तो घर सोडून गेला तो गेलाच.”

त्या रडतील असं मला वाटलं. त्यांनी फोन उचलला. पलीकडे त्या चर्चचे सेक्रेटरी होते, भला माणूस.

“चर्चच्या जुबिलीला जुन्या सभासदांना विचारून लिहिलं बाई. दफनाचं पुस्तक वाळवीनं खाल्लं.”

“मग वारला कशावरून?”

“मंगलबाई म्हणाल्या. आमच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या.”

“आणि अविवाहित?”

“ते... कुणी सांगितलं नाही. पण वेबसाइटवर तो रकाना रिकामा ठेवला तर पुढं जाताच येत नव्हतं.”

बाईंनी फोन ठेवला. चेहरा उजळला होता. “बघ! एक गोष्ट मनानं लिहिलेली निघाली. मग दुसरीचा काय भरवसा?”

इतक्या वर्षांच्या त्या अविश्वासात काय दडलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

आम्ही नांदेडला गेलो. मंगलबाई एका खोलीत राहत होत्या. आम्ही कोण ते सांगताच त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. “ताई ना तुम्ही? ते फार बोलायचे तुमच्याबद्दल.”

सालोमीबाईंनी विचारलं, पण आवाज नेहमीचा नव्हता. “तो गेला तेव्हा... तुम्ही तिथं होता का?”

“होते. माझ्या मांडीवर डोकं होतं.”

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होईना.

मंगलबाई सांगत गेल्या. शमुवेल शाळेची गाडी चालवायचा. मूत्रपिंडं बिघडली. “ताईला कळवते म्हटलं तर म्हणायचे, बरा झालो की मीच जाईन, चांगला शर्ट घालून.”

“तुम्ही त्याच्या कोण?”

मंगलबाईंनी पदर सारखा केला. “काय सांगू? मी विधवा, त्यात धर्म वेगळा. पाद्रीबाबांनी लग्न लावलं नाही, आमच्या भावकीनं दार लावलं. पण एका चुलीवर संसार केला आम्ही. कागद काही नाही माझ्याकडं.”

आता उलटतपासणी सुरू होणार असं मला वाटलं. सालोमीबाई उठल्या आणि कोपऱ्यातल्या शेगडीकडे गेल्या.

“वहिनी, तुम्ही बसा. चहा मी करते.”

मग दुपारभर दोघी बोलत बसल्या. तो झोपेत बडबडायचा, मीठ जास्त खायचा, हिशेबात तेव्हाही कच्चा होता. या शेवटच्यावर दोघी हसल्या. निघताना मंगलबाईंनी भाकरी-चटणी बांधून दिली. “पुढच्या महिन्यात तुम्ही माझ्याकडे यायचं,” सालोमीबाईंनी वर्गात सांगावं तसं सांगितलं.

परतीच्या गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. “मला आशा होती गं,” एवढंच म्हणाल्या. बासर स्टेशन मागे पडलं. फोन वाजला. पलीकडचा मोठा आवाज मलाही ऐकू आला.

“वन्सं, जेवलात का?”

बाईंनी भाकरीचं गाठोडं मांडीवर घेतलं. “जेवते वहिनी. आता सोडते भाकरी.”

फोन ठेवून त्यांनी गाठ सोडली. भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात धरून माझ्याकडे बघितलं.

“वन्सं म्हणाली मला,” त्या म्हणाल्या, आणि मग मात्र त्यांना रडू आवरेना.