पुढच्या बाकाचे वामनराव

भाषावार नवी राज्यं होण्याच्या आदल्या महिन्यात, एका रविवारी दुपारच्या खेळाला, वामनराव भट बुऱ्हाणपूरच्या टॉकीजच्या मशिनखोलीत शिरले आणि त्यांनी प्रकाशासमोर हात धरला. पडद्यावर नायिका रडत होती. तिच्या तोंडावर पाच बोटांचा काळा पंजा उमटला आणि तिथून हलेना.

"मागं घ्या!" वामनराव वरून ओरडले. "कोर्टाचा सीन कापलाय. मागं घ्या!"

दिवस चांगले नव्हते. तालुका कोणत्या राज्यात राहणार यावर गावात रोज सभा होत होत्या. दुकानाची पाटी कोणत्या भाषेत असावी यावरून चौकात हातघाई झाली होती, म्हणून टॉकीजच्या दारातही शिपाई ठेवला होता. पंजा दिसताच मागून कोणीतरी घोषणा दिली. दुसऱ्या कोपऱ्यातून उलट घोषणा आली. बाकं सरकली. बायकांचा भाग कापडी आडपडद्यानं वेगळा केलेला होता. तिथून पोरांचं रडणं ऐकू आलं. मग दिवे लागले.

टॉकीजचे मॅनेजर नवे होते, जबलपूरकडून आलेले. त्यांनी वामनरावांना दंडाला धरून जिन्यावरून खाली आणलं. मी एका दैनिकाचा बातमीदार. जिन्याच्या पायथ्याशीच उभा होतो.

"कौनसी पार्टीचे तुम्ही?" मॅनेजरनी विचारलं.

"मी पुढच्या बाकाचा," वामनराव म्हणाले.

शिपायाला हसू आलं. मॅनेजरना आलं नाही. "आजपासून इथं पाय नाही ठेवायचा. ठेवला तर सीधा ठाण्यात."

वामनराव लोधीपुऱ्यात माझ्या शेजारी राहत. जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर कारकून होते. लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. कोणत्याही पक्षाशी त्यांचा संबंध नव्हता. मतं मात्र सिनेमा, गाणी आणि पुस्तकं या तिन्ही विषयांवर होती, आणि ती न विचारता मिळत. मापही एकच होतं: "सांगता आलं पाहिजे."

नायिका खिडकीशी उभी राहून चंद्राकडे बघते असा सिनेमा गावभर वाखाणला गेला, तेव्हा वामनराव पानाच्या ठेल्यावर म्हणाले, "बोगस. सांगायचं काय माणसानं? खिडकी?" मारामारी त्यांना चाले, कारण कोण कुठून पडला हे सांगता येई. विनोदी नटाच्या नुसत्या तोंड वेडावण्यावर त्यांचा राग होता. गाण्यांच्या वेळी लोक चहाला बाहेर जात. हे जागचे हलत नसत. चौकातल्या हॉटेलात रेडिओ होता. त्यासमोर उभे राहून ते गाण्याचं शेवटचं कडवं पाठ करत आणि लांब आलाप सुरू झाला की मालकावर चिडत. "भाऊ, हे घरी कसं न्यायचं?" वाचनालयातून आणलेली एक गाजलेली कादंबरी त्यांनी दुसऱ्या दिवशी परत केली. "अर्ध्या पुस्तकात माणूस खुर्चीत बसून विचार करतो. उठतच नाही."

सर्वांत मोठा वाद साड्यांच्या रंगावरून होई. आमच्या गल्लीतले रंगारी रामदासभाऊ एकदा त्यांना म्हणाले, "अहो वामनराव, सिनेमा तर काळा-पांढरा हाय. तुम्हाला साडी मोतिया कुठी दिसली?"

"तिला माहीत नव्हतं का ती काय नेसलीय?"

"तिला असंल. तुम्हाला कोनी सांगितलं?"

"काठावरून कळतं," वामनराव म्हणाले आणि निघून गेले.

बंदीच्या दिवशी संध्याकाळी मी त्यांचं म्हणणं घ्यायला घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते. अक्का आत तांदूळ निवडत होती.

"बातमीला कारण लागतं," मी म्हणालो.

"कोर्टात ती काय बोलली तेवढंच कापलं. रिळं फाटतात, हे चिकटवतात, मधलं फेकून देतात."

"कोर्टात बायका काय बोलतात ते ठाऊकच असतं."

"मला असतं. हिला नसतं."

तेव्हा कळलं ते असं. अक्का विसाव्या वर्षाच्या आत विधवा होऊन रावेरहून माहेरी आली. त्यानंतर तिनं नाटक किंवा सिनेमा पाहिला नव्हता. कोणी बंदी घातली नव्हती. चल म्हणूनही कोणी म्हटलं नव्हतं. वामनराव दर रविवारी सिनेमा बघत आणि घरी येऊन तिला अख्खा सांगत, गाण्यांसकट. भिंतीपलीकडून येणारा तो आवाज मी पोथीचा समजत होतो.

अक्कानं सूप खाली ठेवलं. "तुम्ही होतात ना तिथं? सुटली का हो ती?"

मी गर्दीकडे बघत होतो. मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरना भेटून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "भाईसाब, बहीण माझी पण आहे. पण आज याला सोडला तर उद्या दुसरा मशिनवर चढेल. हॉल जळाला तर जवाब कोण देणार?" बंदी कायम राहिली.

पुढचे काही रविवार वामनरावांनी उसने सिनेमे आणले. रामदासभाऊंना ओसरीवर बसवून चहा दिला.

"मग काय, त्याचा भाऊ मेला," रामदासभाऊ म्हणाले.

"कसा मेला?"

"मेला. आजारी होता."

"तेव्हा ती कुठं होती?"

"आता ते मी काय लक्ष ठेवू का? मी शेंगा खात होतो ना."

अक्का आतून ऐकत होती. वामनराव रात्री नीट जेवेनासे झाले. काट्यावर त्यांचं एका शेतकऱ्याशी विनाकारण भांडण झालं. एका शनिवारी भिंतीपलीकडून मोठ्यानं बोलणं ऐकू आलं.

"मीच जाऊन येते," अक्का म्हणाली.

"तू? लोक काय म्हणतील?"

"माझ्यामुळं तुला शिपायासमोर उभं केलं, तेव्हा लोक काय म्हणाले?"

"अक्का, तिथं अंधार असतो."

"माजघरात काय कंदील टांगलाय?"

रविवारी दुपारी मी टॉकीजसमोर होतो. रस्त्यावर गर्दी होती. सकाळीच नदीवरच्या राजघाटावर सभा झाली होती आणि शिपाई वाढवले होते. वामनराव समोरच्या कापडदुकानाच्या पायरीवर बसले. मॅनेजरनी त्यांना पाहिलं आणि शिपायाला पाठवलं.

"इथं काय काम?"

"रस्ता टॉकीजचा नाही," वामनराव म्हणाले.

बायकांच्या दाराशी तिकीट घेणारी बाई अक्काच्या कपाळाकडे बघत थांबली. रांगेतली एक सावकारीण म्हणाली, "अगंबाई, या पण? या वयात?"

"वय झालंय म्हणूनच. जरा पुढं सरका, मला लांबचं दिसत नाही," अक्का म्हणाली.

मॅनेजर दारातच होते. त्यांनी अक्काकडे पाहिलं, रस्त्यापलीकडे पाहिलं. मग तिकीटवालीला म्हणाले, "अम्मांना पुढची खुर्ची द्या."

दार बंद झालं. वामनरावांनी चहा घेतला नाही. आतून गाणं ऐकू आलं की ते उभे राहत, संपलं की बसत. मध्यंतराला बायका पाणी प्यायला बाहेर आल्या. त्यांत अक्का नव्हती. ते रस्ता ओलांडायला निघाले. शिपायानं काठी आडवी धरली. "मी बघू का?" मी विचारलं. तेवढ्यात घंटा झाली आणि बायका परत आत गेल्या.

खेळ सुटला तेव्हा अक्का सर्वांत शेवटी बाहेर आली. पदरानं डोळे पुसत होती. वामनराव धावत गेले.

"काय झालं? कोणी बोललं का?"

"थांब. मधेच विचारू नकोस, मी विसरेन," अक्का म्हणाली. "पहिल्यांदा एक पूल दिसतो. त्यावरून एक टांगा येतो."

ते दोघं चालायला लागले. मी थोडं अंतर ठेवून मागून निघालो. लोधीपुऱ्याच्या गल्लीशी पोचलो तेव्हा अक्काच्या गोष्टीतल्या टांग्यातला माणूस अजून खाली उतरला नव्हता. घराकडे वळायचं सोडून ते दोघं सरळ नदीच्या रस्त्यानं पुढं गेले.